दिवाणामागच्या भिंतीला गाद्या लावायच्यात, पण पुराच्या वेळी काढता आल्या पाहिजेत

नदीकाठ · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. आमचं घर सांगलीत, गावभागात, तळमजल्यावर. जुनं विटांचं बांधकाम, चुन्याचा गिलावा, त्यावर कधीतरी सिमेंटचा हात फिरवलेला. पुढच्या खोलीत सहा फुटी दिवाण भिंतीला लागून आहे. माझी आई, वय ८१, दिवसातले सात-आठ तास तिथे भिंतीला टेकून बसते. गुडघ्यांमुळे हिंडणं-फिरणं कमी झालंय. खिडकीतून बोळ दिसतो, येणारे-जाणारे थांबून तिच्याशी दोन शब्द बोलतात. त्यामुळे दिवाण तिथून हलणार नाही, हे आधीच सांगते.

पावसाळ्यात ती भिंत इतकी गार पडते की आई पाठीला शाल घेऊन बसते. उशा घसरतात. लोड लावला तर ती पुढे ढकलली जाते. डोक्याच्या तेलाचा डाग तर दर दिवाळीला रंग दिला तरी संक्रांतीपर्यंत पुन्हा उमटतो. म्हणून भिंतीलाच पाठीच्या गाद्या लावून घ्यायच्या मनात आहे.

पूर्वी तिथे अशीच गादी होती. पाटीला फोम आणि मखमल लावून, वर बटणं बसवून, अख्खी पाटी भिंतीला चिकटवून वरून खिळे मारलेले. दिसायला फार सुरेख. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या खोलीत भिंतीवर साडेचार फुटांवर रेघ उमटली. आम्ही गॅसची शेगडी, कागदपत्रं, धान्य, टीव्ही असं हाताला लागेल ते वर नेलं. पाटी भिंतीला चिकटलेली, ती कशी नेणार? पाणी ओसरल्यावर पहारीने उचकटून काढली, तिच्याबरोबर गिलावाही आला. फोममध्ये गाळ इतका बसला होता की चौघांनी मिळून ती बाहेर ओढली. तो वास मी अजून विसरले नाही.

तेव्हा माझ्या अटी अशा. घरात एकटी मी असले तरी दहा मिनिटांत सगळं उतरवून माळ्यावर नेता यावं, पाना-पेचकस न शोधता. भिंतीची ओल गादीत शिरू नये. आणि अभ्रे धुता यावेत.

कुणी असं केलंय का? सांगली-मिरजेकडचे कारागीर काय सुचवतात?

---

सांजवात · सोमवार, रात्री १०:१५

ताई, मी विश्रामबागेत फ्लॅटमध्ये मुलाच्या खोलीत वेल्क्रोवर लावल्यात, चार छोट्या गाद्या. मागे चिकटपट्टीचा वेल्क्रो, भिंतीवर त्याची जोडी. ओढलं की निघतात. दीड वर्ष झालं, काही तक्रार नाही. आमच्या भिंतीला पुट्टी आणि प्लास्टिक पेंट आहे.

---

ओळंबा · मंगळवार, सकाळी ७:०५

सांजवात यांच्या भिंतीवर टिकलं ते खरं, पण नदीकाठ यांच्या भिंतीवर टिकणार नाही. वेल्क्रोचा चिकटपणा कितीही चांगला असला तरी तो रंगाला चिकटतो, विटेला नाही. चुन्याच्या गिलाव्यावरचा डिस्टेंपर ओलीने आधीच सुटत आलेला असतो. गादी ओढली की रंगाचा पोपडा तिच्याबरोबर येतो, नाहीतर एखाद्या रात्री गादी आपणहून खाली येते. ८१ वर्षांच्या माणसाच्या पाठीमागे हे नको.

मी बांधकामातला माणूस, ३५ वर्षं मिरज-सांगलीतच काम केलं. गाद्यांच्या आधी भिंतीचं बोलू. ताई, आधी एक चाचणी करा. जाड प्लास्टिकचा दीड फूट चौरस तुकडा भिंतीवर लावा आणि चारी बाजू रुंद टेपने पक्क्या बंद करा. एक तुकडा जमिनीपासून दीड फुटावर, दुसरा साडेतीन फुटांवर. दोन दिवस तसेच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेतली वाफ गार भिंतीवर बसते आहे. दोन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

भिंतीला लोणा लागतो का, तेही बघून सांगा. खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी बुरबुर दिसते, बोटाला लागते ती. विटा जमिनीतलं पाणी वर ओढतात, पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात.

आणि कृपा करून कुणाच्या सांगण्यावरून आतून ऑइल पेंट किंवा वॉटरप्रूफिंगचा थर देऊ नका. पाण्याची वाट खाली बंद केली की ते आणखी वर चढतं.

---

नदीकाठ · गुरुवार, रात्री ८:३०

ओळंबा काका, चाचणी केली. खालच्या तुकड्यावर भिंतीकडून भरपूर थेंब आले. वरचा तुकडा कोरडा, दोन्हीकडून. लोणा आहे, साधारण अडीच फुटांपर्यंत.

आता माप. दिवाण गादीसकट १८ इंच उंच. भिंतीवरची गादी मी १६ इंचांपासून ४० इंचांपर्यंत धरली होती, म्हणजे आईचं डोकंही टेकेल. याचा अर्थ अर्ध्याहून जास्त गादी ओलीच्या पट्ट्यासमोर येते. मग नादच सोडायचा का?

---

ओळंबा · गुरुवार, रात्री ९:१०

अजिबात नाही. फक्त गादी भिंतीला टेकवायची नाही, अंतर ठेवून टांगायची. मागून हवा खालून वर वाहती राहिली तर भिंतही सुकत राहते आणि गादीही. तुमच्या जुन्या पाटीची मागची बाजू पूर नसता आला तरी कुजलीच असती, कारण भिंत आणि लाकूड यांच्यात हवेला जागाच नव्हती. कमीत कमी पाऊण इंच मोकळं सोडा. जास्त सोडलंत तर उत्तम.

---

टाका_दोरा · शुक्रवार, दुपारी ३:२०

ताई, मी मिरजेत सोफा-गादीचं काम करतो. वडिलांपासूनचा धंदा. २०१९ ला सांगलीतनं किती सोफे आले माझ्याकडं, मोजदाद नाही. बहुतेकांना सांगावं लागलं की सांगाडा वाचंल, फोम टाकून द्या. त्यामुळं तुमची अट मला एकदम पटली.

एक सलग पाटी करू नका. सहा फुटाला चार गाद्या करा, प्रत्येकी १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच. पाटीला १२ एमएम प्लाय घ्या, सातशेदहाचा (आयएस ७१०, म्हंजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय) शिक्का बघून. साधा एमआर प्लाय ओलीत फुगतो, थर सुटतात. एका गादीचं वजन सगळं मिळून तीन किलोच्या आसपास भरंल, त्यात दोन किलोवर नुसता प्लायच. एका हातात एक, दोन हातात दोन, असं तुम्ही जिना चढू शकता.

फोम ३२ डेन्सिटीचा, दोन इंची. दुकानदार म्हणंल पाठीला २३ चालतोय. चालतोय, पण पाव्हण्यारावळ्यांच्या सोफ्याला. रोज सात तास एकाच जागी पाठ टेकली तर वर्षात तिथं खळगा पडतो आणि मागचा प्लाय टोचाय लागतो. फोम प्लायपेक्षा चारी बाजूनं अर्धा इंच जास्त कापा म्हणजे कडेवर गुंडाळला जातो, लाकडाची धार हाताला लागत नाही. त्यावर पॉलिस्टरच्या पांढऱ्या वाडिंगचा एक थर, मग मांजरपाट ओढून मागं पिना मारायच्या. पिना मधनं सुरू करून कोपऱ्याकडं जायचं. एका टोकाकडनं सुरू केलं तर कापड तिरकं ओढलं जातं. कोपऱ्याची चुणी सगळ्यात शेवटी.

मांजरपाट म्हणजे कायमचं कापड. त्याच्यावर अभ्रा वेगळा, काढता-घालता येईल असा. अभ्र्याला मागं कापड नको, नुसती चार बोटांची पट्टी आणि तिच्यात इलॅस्टिक. काढायला एक मिनिट. दोन जोड शिवून घ्या.

बटणं लावू नका. बटणाच्या खळग्यात धूळ बसती, आणि अभ्रा काढायचा तर बटणं आडवी येतात. कापड सुती जाड घ्या. विट्याच्या मागावरचं किंवा इचलकरंजीचं चादरीसारखं जाडसर कापड चांगलं चालतं. आधी भिजवून, वाळवून, मगच बेता. सुती कापड आटतं.

---

हळदगाठ · शुक्रवार, सायंकाळी ५:००

कापडावरून माझा अनुभव सांगते. तेलाचे डाग पुसता यावेत म्हणून आम्ही लेदरसारखं दिसणारं पीयू (पॉलियुरेथेनचा थर दिलेलं) कापड घेतलं होतं. तीन पावसाळे झाले आणि वरचा थर कोंड्यासारखा सुटायला लागला. सासऱ्यांच्या सदऱ्यावर, मानेवर, केसांत सगळीकडे ते काळे तुकडे. नंतर कळलं की दमट हवेत पीयूचा थर असाच फुटतो, आपण पुसण्यात कमी पडतो असं नाही. जुन्या पद्धतीचं रेक्झिन त्यापेक्षा टिकतं, पण उन्हाळ्यात पाठ घामेजते. टाका_दोरा दादांचं सुती अभ्र्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तेलाच्या डागावर धुण्याआधी हरभऱ्याचं पीठ चोळून अर्धा तास ठेवा, बराचसा उतरतो.

---

राजवाड्यामागे · शनिवार, सकाळी ११:४५

साताऱ्याहून लिहितोय. आमच्याकडे पुराची भीती नाही, पण भिंतीची वेगळीच गोष्ट आहे. वाड्याची भिंत दीड-दोन हात जाड, बाहेरून दगड, आत माती, वर चुना. तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या खाटेमागे गाद्या लावायच्या म्हणून ड्रिल मारलं तर छिद्रातून मातीच येत राहिली. सहा इंच आत गेलो तरी धरायला काही नाही. स्क्रू धरायला छिद्रात गिट्टी बसवली ती बोटाने बाहेर आली. मिस्त्री म्हणाला, सिमेंट भरून देतो. आईने त्याला थांबवलं, आणि बरं झालं थांबवलं, कारण मातीच्या भिंतीत सिमेंटचा गोळा वेगळाच राहतो, भिंतीशी एकजीव होत नाही.

मग तिनेच वर बोट दाखवलं. खुंट्या! भिंत बांधतानाच आत खोलवर घातलेल्या सागवानी खुंट्या, चार, एका ओळीत. त्यांवर आजोबांच्या पगड्या, पंचे, नंतर आमची दप्तरं टांगलेली. आता सगळं काढून टाकलं होतं आणि आम्ही त्यांना विसरलो होतो. आम्ही त्या खुंट्यांवर आडवा पितळी दांडा टाकला आणि गाद्यांना वर जाड कापडाचे पट्टे शिवून त्या दांड्यात ओवल्या, पडद्यासारख्या. खाली पाटी नाही, नुसता फोम आणि कापड, कारण भिंत सपाट नाही आणि पाटी डुगडुगली असती. बाहेरून म्हसवडकडची घोंगडी लावली होती. थंडीत ऊब छान येते, पण लोकर मानेला टोचते म्हणून वरच्या फूटभर भागावर वडिलांच्या जुन्या धोतराची पट्टी शिवली.

तुमच्या विटांच्या भिंतीला गिट्टी धरेल, तुम्हाला याची गरज नाही. पण जुन्या घरात राहणारं दुसरं कुणी वाचत असेल तर आधी खुंट्या शोधा, तुळईकडे बघा, मग ड्रिल हातात घ्या.

---

सांजवात · शनिवार, दुपारी १२:१०

खुंट्यांचं वाचून अंगावर काटा आला. फोटो टाका ना.

---

तानपुरा_मिरज · शनिवार, दुपारी १:३०

थोडं विषयाला धरून, थोडं सोडून. आमच्या रियाजाच्या खोलीत दोन भिंतींना अशा गाद्या आहेत. आवाज घुमायचा तो बसला, तंबोऱ्याचा झंकार स्वच्छ ऐकू येतो. पण शेजाऱ्यांना ऐकू जाणारा आवाज अजिबात कमी झाला नाही. त्यासाठी कुणी गाद्या लावणार असेल तर पैसे वाचवा, त्याला जड भिंत लागते.

---

समईपासून_दूर · शनिवार, रात्री ९:००

कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. फोम पेटला तर सेकंदांत पेटतो आणि त्याचा काळा धूर आगीपेक्षा आधी माणसाला गाठतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइड असतो. ज्यांना पटकन उठता येत नाही त्यांच्या पाठीमागे आपण तो लावतोय, हे ध्यानात ठेवा.

दिवाणाजवळ देव्हारा असेल तर समई-निरांजन दुसऱ्या भिंतीला न्या. डासांची उदबत्ती दिवाणाखाली ठेवू नका. गादीने स्विचबोर्ड किंवा प्लगपॉइंट झाकू नका, मोबाइलचा चार्जर गादीमागे लोंबत ठेवू नका. आणि बोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू नका, वायरी तिथूनच जातात.

---

नदीकाठ · रविवार, सकाळी १०:२०

समईपासून_दूर, मनापासून आभार. उदबत्ती खरंच दिवाणाखालीच असते. आजपासून बंद. देव्हारा आत आहे.

आता टांगायचं कशावर? मुलगा म्हणतो फोटोफ्रेमसारखे हुक. मला वाटतं आई टेकली की हुक खडखडतील.

---

रंधा · रविवार, दुपारी ४:५०

हुक नको. तिरक्या खाचेची पट्टी करा. आमच्या कारखान्यात भिंतीवरची कपाटं यावरच टांगतात. पाऊण इंच जाड, तीन इंच रुंद सागवानी पट्टी घ्यायची आणि ती लांबीने मधोमध ४५ अंशात चिरायची. दोन पट्ट्या होतात, दोन्हींची एक कड तिरकी. एक भिंतीला, तिरकी कड वर, तिचं टोक खोलीकडे. दुसरी गादीच्या पाठीवर, तिरकी कड खाली, टोक भिंतीकडे. गादी वरून सोडली की दोन्ही खाचा एकमेकींत बसतात आणि वजनाने गादी भिंतीकडे खेचली जाते. काढायची तर इंचभर वर उचलायची. पेचकस लागत नाही.

प्लायची पट्टी चिरू नका, धारेचे थर सुटतात.

अखंड सहा फुटी पट्टी लावू नका. ओळंबा काकांची हवा वर जाऊन त्या पट्टीला अडेल. प्रत्येक गादीला फूटभराचा एक तुकडा, मध्ये अर्ध्या फुटाची फट. प्रत्येक तुकड्याला दोन स्क्रू. तुमचा गिलावा इंचभर असेल, पट्टी पाऊण इंच, आणि विटेत दीड इंच तरी शिरायला हवं, म्हणून साडेतीन इंची स्क्रू. स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साधे त्या भिंतीत गंजतील. छिद्र विटेच्या पोटात पाडा, सांध्यात नाही. ड्रिलचा भुगा लाल आला तर वीट, पांढरट आला तर सांधा.

(विश्रामबागेकडच्या नव्या इमारतींत हलके पांढरे ब्लॉक असतात. तिथे साधी गिट्टी फिरत राहते. त्या ब्लॉकची वेगळी नायलॉनची गिट्टी मिळते, आणि ड्रिल हातोडी बंद ठेवून चालवायचं.)

---

पाठकणा · रविवार, रात्री ८:१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोन मुद्दे, दुसरा जास्त महत्त्वाचा.

भिंत उभी सरळ असते. तासन् तास काटकोनात बसलं की म्हातारी माणसं हळूहळू खाली घसरतात आणि कंबरेत बाक येतो. पाठ जरा मागे कललेली बरी. रंधा यांच्या पद्धतीत गादीच्या खालच्या भागामागे टेकू म्हणून लाकडी ठोकळा लागणारच आहे. तो वरच्या पट्टीपेक्षा २ इंच जास्त जाड ठेवा. २४ इंचांच्या उंचीला साधारण ५ अंशांचा कल येतो. खूप वाटत नाही, पण पाठीला कळतो. दिवाण तेवढा भिंतीपासून पुढे घ्या. कंबरेच्या पोकळीत छोटी उशी लागेल, ती गादीला शिवू नका, तिची जागा दिवसभरात बदलते.

दुसरं. आई उठताना काय धरतात ते बघा. त्यांना विचारू नका, नुसतं बघा. बहुतेक जण जे हाताला येईल ते धरतात, आणि आता गादीची वरची कड हाताला येणार आहे. ती वर उचलली की निघते, हीच तर आपली सोय. त्यांनी उठायला कड धरली आणि गादी हातात आली तर?

---

नदीकाठ · सोमवार, दुपारी २:००

आज सकाळपासून बघत होते. पाच वेळा उठली. पाचही वेळा उजवा हात मागे, खिडकीच्या चौकटीच्या खालच्या फळीला. एकदा भिंतीवर तळहात टेकला. ४० इंचांवर गादीची कड आली तर हात तिथेच जाणार, शंका नाही.

हे मला सुचलंच नसतं. काळजात धस्स झालं.

---

रंधा · सोमवार, दुपारी ३:३०

फिरकी लावा. जुन्या कपाटाच्या दाराला असते ती, बोटभर लांबीची लाकडी पट्टी, मध्ये एक स्क्रू. गादीच्या पट्टीच्या टोकाशी, तिच्या जरा वर, भिंतीलाच बसवा. आडवी केली की गादीच्या पट्टीवर येते आणि गादी वर उचलली जात नाही. उभी केली की मोकळी. हात मागे घालून बोटाने फिरते.

---

पाठकणा · सोमवार, संध्याकाळी ६:४५

फिरकी हवीच. पण उठायला वेगळा दांडा द्या, न्हाणीघरात लावतात तसा स्टीलचा, जिथे त्यांचा हात आपोआप जातो तिथेच, खिडकीच्या बाजूला. तो मात्र पक्का, विटेत, अंगाचं वजन पेलेल असा. हाताला धरायला काहीतरी चांगलं मिळालं की गादी धरली जाणार नाही.

---

ओळंबा · सोमवार, रात्री ९:२०

पाठकणा यांचा पट्टीपेक्षा २ इंच जास्त जाड ठोकळा वाचून आनंद झाला. खाली पावणेतीन इंच मोकळी जागा म्हणजे हवेला मोठी वाट. ओलीचा जोर खालीच आहे, अगदी तिथेच अंतर जास्त. ठोकळे दोनच ठेवा, एका गादीला, कडांना, आणि भिंतीला नाही तर गादीच्या पाठीला लावा. म्हणजे भिंतीवर खालच्या भागात एकही छिद्र नको.

---

नदीकाठ · सव्वा महिन्यानंतर, रविवार

उशिरा लिहितेय, पण काम झालं. सगळ्यांना सांगायचं होतं.

टाका_दोरा दादांनी निरोपातून मापं घेतली आणि चार गाद्या करून दिल्या. भिंतीचं काम मुलाने आणि ओळखीच्या सुतारांनी एका दुपारी केलं. एका छिद्रातून पांढरा भुगा आला, तेव्हा दोन इंच बाजूला सरकून पुन्हा पाडलं. खर्च दोन जोड अभ्र्यांसकट सात हजारांच्या आत आला, दांडा वेगळा. अभ्रे इचलकरंजीच्या जाड चौकड्याचे, विटकरी रंगाचे, त्यावर तेल लवकर दिसत नाही. दर दोन आठवड्यांनी धुते.

पहिल्या दिवशी आई दिवाणाच्या कडेलाच बसून राहिली. नवीन वस्तू खराब होईल म्हणून टेकेना. मी तिच्याशेजारी बसून डोकं मागे टाकलं, तेव्हा टेकली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथेच बसल्या बसल्या झोप लागली तिला, शाल न घेता. दांडा तिने पहिल्याच दिवशी धरला, कुणी न सांगता.

परवा बातम्यांत कोयनेतून विसर्ग वाढवल्याचं सांगितलं. आयर्विनला पाणी ३२ फुटांवर होतं. इशारा ४० ला, धोका ४५ ला, म्हणजे घाईचं कारण नव्हतं. तरी म्हटलं, आजच करून बघू. मुलगा कॉलेजला गेलेला, घरात मी आणि आई. फिरकी उभी, गादी वर, दोन हातांत दोन गाद्या, जिना. घड्याळ लावून सहा मिनिटं लागली. मागे हात फिरवून बघितला, प्लाय कोरडा होता, भिंतीवरचा लोणा झाडूने झाडून घेतला.

एक चूक लक्षात आली. परत लावताना कुठली गादी कुठली ते कळेना, पट्ट्या केसभर मागेपुढे आहेत आणि तिसरी गादी पहिल्या जागी नीट बसत नाही. आता प्रत्येकीच्या पाठीवर आणि भिंतीवर तोच आकडा खडूने नाही, रंगाने लिहिलाय.

---

हळदगाठ · रविवार, रात्री ९:४०

वाचून फार बरं वाटलं. ताई, माळ्यावर कशा ठेवता? एकावर एक रचल्या तर फोम दबेल का?

---

टाका_दोरा · सोमवार, सकाळी ८:००

उभ्या ठेवा, पुस्तकासारख्या. फोमाला फोम, प्लायला प्लाय. आठ-पंधरा दिवस तशा राहिल्या तरी काय होत नाही. प्लास्टिकमधी मात्र गुंडाळू नका, आत वाफ धरती. जुनी चादर टाका वरनं.

---

नदीकाठ · सोमवार, सकाळी ९:१५

बरं दादा, चादरच टाकते. परवा मी सगळ्या वर नेऊन ठेवल्या आणि खाली आले तर आई उघड्या भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "पाणी तर आलं नाही अजून. आण की परत." तेव्हा तासाभरात परत लावल्या.